केबिन बॅगेतलं न्हाणीघर आणि सिक्युरिटीचा बेल्ट

या खेपेला चेक-इन सामान न्यायचंच नाही, असं ठरवलं होतं. मी आणि मावशी, दोघांच्या दोन केबिन बॅगा. जाताना मध्ये एकदा विमान बदलायचं आणि परतीचं विमान तिसऱ्याच शहरातून. कपडे भरून झाल्यावर मावशी म्हणाली, "कपड्यांचं सोड रे, माझं तेल, क्रीम, औषधं कुठे कोंबणार ते सांग." पुढचा सगळा गृहपाठ त्या प्रश्नापायीच झाला. जाता-येता सगळ्या तपासण्यांतून सामान सुखरूप पार पडलं. फक्त केबिन बॅगेवर परदेशी जाणाऱ्यांसाठी काय पाहिलं आणि काय कामी आलं, ते लिहून ठेवतो.

मूळ नियम बहुतेकांना तोंडपाठ असतो. द्रव पदार्थाची बाटली जास्तीत जास्त १०० मिलीची, अशा सगळ्या बाटल्या एक लिटरच्या पारदर्शक आणि पुन्हा बंद करता येणाऱ्या पिशवीत, आणि माणशी पिशवी एकच. अमेरिकेत हेच ३.४ औंस आणि एक क्वार्ट असं सांगतात, म्हणजे पिशवी साधारण ९४६ मिलीची. घोळ होतो तो द्रव कशाला म्हणायचं यावरून. ओघळतं, पसरतं, पिळता येतं किंवा फवारता येतं ते सगळं यात धरून चाला: टूथपेस्ट, फेसवॉश, जेल, क्रीम, मस्कारा, लिपग्लॉस, शेव्हिंग फोम, डिओ. साबणाची वडी आणि लिपस्टिक यात येत नाही, ओले वाइप्सही सहसा येत नाहीत. खोबरेल तेल थंडीत दगडासारखं गोठलं तरी ते द्रवच. २४-२५ अंशांना वितळणाऱ्या तेलावरून बेल्टवरच्या माणसाशी पदार्थविज्ञानाची चर्चा करू नये.

दुसरी गोष्ट, बाटलीत किती उरलंय याला काडीची किंमत नसते. बाटली केवढी आहे ते बघतात. विमान बदलताना आमच्या पुढे एक मुलगी होती. तिच्याकडे सनस्क्रीनची ट्यूब होती, खालून गुंडाळत गुंडाळत पार मानेपर्यंत आलेली. आत फार तर दोन बोटांवर येईल एवढंच असेल. तपासणाऱ्या बाईंनी ती गुंडाळी शांतपणे उलगडली, मागची बाजू वर केली आणि '१५० मिली' या छापील आकड्यावर अंगठा ठेवून तिला दाखवला. मुलगी म्हणाली, अहो, रिकामीच आहे जवळजवळ. बाईंनी मान डोलावली आणि ट्यूब टोपलीत टाकली. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तासाला शेकडो बॅगा बघायच्या असताना प्रत्येक ट्यूब पिळून कोण बघणार? छापील आकडा वाचणं हेच त्यांच्या हातात असतं, म्हणून आपणही घरी तेच वाचावं.

यातला एक बारकावा टूथपेस्टचा. पुष्कळ ट्यूबवर मिली नसतं, नुसते ग्रॅम असतात. पेस्ट पाण्यापेक्षा जड असल्यामुळे १०० ग्रॅमची ट्यूब प्रत्यक्षात ७५ मिलीच्या आसपास भरते. म्हणजे हिशेबाने १२० ग्रॅमची ट्यूबही बसायला हवी. पण हा हिशेब रांगेत मांडू नका, समोरच्याला १२० दिसणार. मी ५० ग्रॅमची नेली. एका वेळी एक ग्रॅम धरला आणि दोन्ही वेळा दात घासले, तरी ती तीन आठवड्यांहून जास्त पुरते. शाम्पू वगैरे छोट्या बाटल्यांत काढून घेणार असाल तर तळाशी मिलीचा आकडा उठवलेल्या बाटल्या घ्या. आकडाच नसलेली बाटली दिसली की तपासणारा नजरेच्या अंदाजावर जातो, आणि तो अंदाज आपल्या बाजूने पडेलच असं नाही.

१०० हा आकडा आला तो २००६ मध्ये. त्या वर्षी १० ऑगस्टला ब्रिटनमध्ये विमानं उडवण्याचा कट उघडकीला आला. शीतपेयाच्या बाटल्यांतून हायड्रोजन पेरॉक्साइडवर आधारित स्फोटकं अटलांटिकपार जाणाऱ्या विमानांत न्यायची, असा तो बेत होता. लगोलग केबिनमध्ये द्रव न्यायला जवळपास संपूर्ण बंदी आली. मग सप्टेंबरअखेर अमेरिकेने आणि ६ नोव्हेंबरपासून युरोपीय संघाने १०० मिलीची सवलत दिली, आणि पुढे जगभर हीच मर्यादा रूढ झाली. तेव्हाच्या एक्स-रे यंत्रात बॅगेचं सपाट चित्र दिसायचं. त्यात पाणी आणि घातक द्रव यांतला फरक भरवशाने कळत नसे, म्हणून निदान प्रमाणावर तरी लगाम घातला. आता बऱ्याच ठिकाणी सीटी यंत्रं आली आहेत. रुग्णालयातल्या सीटी स्कॅनसारखीच ती बॅगेची चहूबाजूंनी चित्रं घेऊन आतल्या वस्तूंची घनता काढतात, त्यामुळे द्रव आणि लॅपटॉप आत ठेवले तरी चालतं.

आणि इथेच प्रवासी फसतात. आम्ही निघालो तिथे नवी यंत्रं होती. "काही बाहेर काढू नका, सगळं आत राहू द्या" असं एक कर्मचारी मोठ्याने सांगत होता. पिशवीकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही. मावशी मला म्हणाली, "मग उगाच एवढा आटापिटा केला आपण." पुढच्या विमानतळावर ट्रान्झिटच्या प्रवाशांना पुन्हा तपासणी होती आणि यंत्रं जुनी. तिथे पिशव्या बाहेर, लॅपटॉप बाहेर, पाण्याच्या बाटल्या टोपलीत. आमच्याच विमानातून उतरलेले कितीतरी जण भल्या मोठ्या बाटल्या हातात घेऊन चेहरा पाडून उभे होते, कारण पहिल्या ठिकाणी त्या बिनबोभाट पार झाल्या होत्या.

म्हणून बॅग भरायची ती वाटेतल्या सगळ्यात कडक बेल्टच्या हिशेबाने. आपण निघतो तो विमानतळ कितीही सढळ असला तरी परतीचा आणि मधला कसा आहे ते बघा. हे नियम देशागणिकच काय, एकाच देशात विमानतळागणिक बदलताहेत. ब्रिटनने सगळीकडे नवी यंत्रं बसवायला जून २०२४ ची मुदत दिली होती, ती सगळ्यांना पाळता आली नाही. जुलै २०२५ मध्ये एडिंबरा आणि बर्मिंगहॅमला दोन लिटरपर्यंतच्या बाटल्या चालू लागल्या, तेव्हा त्याच देशात इतरत्र १०० मिलीच चालू होतं. युरोपीय संघात तर काही विमानतळांनी सूट दिली आणि १ सप्टेंबर २०२४ पासून ती सूट मागे घेतली गेली. पुढच्या वर्षी काही यंत्रांना पुन्हा मान्यता मिळाली. तेव्हा गेल्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राच्या सांगण्यावर विसंबू नका. निघायच्या आदल्या दिवशी त्या-त्या विमानतळाची वेबसाइट उघडा.

आता पिशवी. एक लिटर म्हणजे १०० मिलीच्या दहा बाटल्या, असं गणित सांगतं. प्रत्यक्षात २० बाय २० सेंटीमीटरच्या पिशवीत गोल बाटल्या पाच-सहाच्या वर गेल्या की झिप लागत नाही, आणि झिप नीट लागलीच पाहिजे असा आग्रह अनेक ठिकाणी असतो. यावर उपाय एकच: जे जे कोरडं मिळतं ते कोरडं घ्यायचं. मी शाम्पूची वडी, अंगाचा साबण आणि डिओची घट्ट कांडी घेतली. शेव्हिंग क्रीमला फाटा देऊन साबणाचाच फेस केला आणि नंतर तुरटी फिरवली. एवढ्याने माझी पिशवी अर्धी रिकामी राहिली. मावशीची मात्र भरलेली होती, कारण तिला तिचंच तेल आणि तिचीच क्रीम हवी, आणि साठीच्या पुढच्या माणसाला प्रवासात नवं काही लावायला सांगू नये, असं माझं मत आहे. शाम्पूच्या वडीला भोकाची डबी घ्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी डबीत लगदा.

गळतीचंही सांगतो, कारण सिक्युरिटीतून वाचलेला शाम्पू विमानात सांडला तर सगळंच मुसळ केरात. विमान कितीही उंच उडत असलं तरी केबिनमधला दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतका ठेवलेला असतो. आठ हजार फुटांवर तो समुद्रसपाटीच्या पाऊणपट असतो, त्यामुळे अर्धवट भरलेल्या बाटलीतली हवा जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने फुगू बघते आणि वाट फोडते ती झाकणातून. बाटली मऊ घ्यावी, भरल्यावर थोडी दाबून हवा काढावी आणि बाजू आत गेलेल्या असतानाच झाकण लावावं. फुगायला जागा राहते. झाकणाखाली पातळ प्लास्टिकचा तुकडा घालून मग ते फिरवलं तर दुधात साखर. रोल-ऑन डिओ गळण्यात पटाईत असतात. तो नेलाच तर उभा ठेवा आणि विमानात उघडताना तोंड आपल्या शर्टाकडे करू नका.

औषधांना १०० मिलीची अट सहसा लागू होत नाही, पण ती आपणहून दाखवावी लागतात. मावशीचं खोकल्याचं औषध मोठ्या बाटलीत होतं. ते आणि डोळ्यांचे थेंब आम्ही वेगळ्या पिशवीत घातले, वर डॉक्टरांची चिठ्ठी. बाटली मूळ लेबलसकट होती आणि चिठ्ठीवरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळत होतं. जुन्या यंत्रापाशी कर्मचाऱ्याने दोन्ही नावं ताडून बघितली, बाटली एका छोट्या यंत्रात घालून तपासली आणि परत दिली. चिठ्ठीवर टोपणनाव किंवा अर्धं नाव असेल तर डॉक्टरांकडून नवी लिहून घ्या. तान्ह्या बाळाच्या दुधालाही अशीच सूट असते. लेन्सच्या पाण्याचं मात्र त्रांगडं आहे: अमेरिकेत ते औषधात मोडतं, ब्रिटनमध्ये त्याला इतर द्रवांचीच मर्यादा लागू होते. छोटी बाटली घेतली की प्रश्न मिटला.

ऐनवेळी विमान भरलं की केबिन बॅग दारातच काढून घेतात आणि पोटात टाकतात. आमच्या बाबतीत परतीला हे झालं. अशा वेळी औषधं आणि पॉवर बँक बाहेर काढून स्वतःजवळ ठेवा. पॉवर बँक खालच्या सामानात चालतच नाही. या दोन्ही गोष्टी बॅगेत सगळ्यात वर ठेवलेल्या बऱ्या, नाहीतर विमानाच्या दारात उभं राहून सगळ्यांसमोर कपडे उपसावे लागतात.

धारदार वस्तूंपैकी कार्ट्रिजचा रेझर चालतो, सुटी ब्लेडं चालत नाहीत. दुधारी ब्लेडचा जुना रेझर न्यायचा असेल तर ब्लेड तिकडे पोहोचल्यावर विकत घ्या आणि परत निघताना तिथेच टाकून या. कात्रीचं पातं युरोपात खिळ्यापासून सहा सेंटीमीटर आणि अमेरिकेत चार इंचांच्या आत असलं तर चालतं, पण अंतिम शब्द बेल्टवरच्या माणसाचा. नेलकटरवर भागत असेल तर कात्री घरी ठेवा. पावडरीचा नियम फारसा कोणाला माहीत नसतो: ३० जून २०१८ पासून अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत ३५० मिलीहून जास्त पावडर असेल तर जादा तपासणी होते, आणि ऑस्ट्रेलियानेही तेव्हापासूनच टाल्कमसारख्या पावडरींवर मर्यादा घातली. छोटा डबा पुरेसा असतो.

ड्यूटी-फ्रीतलं अत्तर किंवा मोठी लोशनची बाटली दुकानदार लाल काठाच्या सीलबंद पिशवीत घालून देतो, पावती आत, बाहेरून वाचता येईल अशी. पुढे विमान बदलायचं असेल तर ती पिशवी मुक्कामाला पोहोचेपर्यंत फोडायची नाही. मावशीने विमानात वास घेऊन बघण्यासाठी ती उघडायला घेतली होती, मी हात धरला. सील तुटलं की पुढच्या तपासणीत ती साधी १०० मिलीहून मोठी बाटली ठरते. आणि पुढच्या विमानतळावर ड्यूटी-फ्री आहे हे माहीत असेल, तर अशी खरेदी शेवटच्या टप्प्यावरच केलेली बरी, म्हणजे मधल्या तपासणीचा प्रश्नच येत नाही.