पांढऱ्यासाठी गारगोटी ते कोल्हापूर: एका दिवसाची खरेदी

वडापवाल्यानं, म्हणजे शेअर जीपच्या ड्रायव्हरनं, त्या भेंडोळ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "ताई, लग्नाची चटई काय ओ ही?" मी सांगितलं, सनमायका आहे. "मग घराला लावायची?" नाही, त्यावर बाळ बसवून फोटो काढायचेत. त्यानं पुढं काही विचारलं नाही. टपावर चढवताना मात्र सुतळीला एक गाठ जास्तीची मारली.

माझा स्टुडिओ दोन पिशव्यांत मावतो. दोन फ्लॅश, एक सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी), स्टँड आणि वायरी. ज्यांचं काम असेल त्यांच्या सोप्यात जाऊन मांडायचं, काम झालं की गुंडाळायचं. कामं मुख्यतः दोन तऱ्हेची. एक, सहा-आठ महिन्यांची बाळं. दुसरं, चपला. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. आता आमच्या भागातल्या कारागिरांची शिकलेली पोरं ऑनलाइन विकायला बघतात, आणि तिथं पहिला फोटो निखळ पांढऱ्यावरच लागतो. अ‍ॅमेझॉनवर तर मुख्य फोटोची पार्श्वभूमी लाल, हिरवा, निळा तिन्हीत २५५, म्हणजे निव्वळ पांढरी, असावी असा नियमच आहे. मी आजवर घरातल्या चादरीवर भागवत होते. एका कारागिराच्या पोरानं शेवटी तोंडावर सांगितलं, "ताई, पांढरं म्हणालता, ह्यो तर राखेचा रंग आलाय."

म्हणून फोटोमागचा पांढरा पडदा आणि खालची पांढरी जमीन आणायला दिवाळीनंतर एक दिवस काढला. खिशात चार हजार, सोबत अकरावीतला भाचा, आणि पिशवीत झेरॉक्सचे चार कोरे कागद. ते कागद कशाला, ते पुढं येतंय.

आधी फोटोच्या सामानाच्या दुकानात गेलो, कारण पाय तिकडंच वळतात. तिथं कागदाचा रोल बघितला, २.७२ मीटर रुंद, ११ मीटर लांब. खोटं कशाला बोलू, मालाला तोड नाही. जोड नाही, चमक नाही, मळलेला भाग कापून टाकला की पुन्हा नवा. पण नऊ फुटांची नळी वडापात कुठं घालायची? शिवाय आमच्याकडं पावसाळ्यात कागदाला लाटा येतात. त्याचाच अर्धा, १.३५ मीटरचा रोलही मिळतो. एकट्या माणसाच्या छातीपर्यंतच्या फोटोला तो पुरतो. घेतलात तर घरी उभा ठेवा, आडवा ठेवला की मधे पोक येतो. आम्ही हात जोडून बाहेर पडलो.

राजारामपुरीत फ्लेक्सवाल्याकडं जायचं की नाही यावर माझी आणि भाच्याची जुंपली. मी गेल्या वर्षी एका छपाईवाल्याकडून आठ बाय दहाचा कोरा फ्लेक्स आणला होता. स्वस्तात मस्त वाटलं होतं. पहिल्याच बारशाला सॉफ्टबॉक्सचा चौकोन पाळण्यामागं असा काही उमटला की जणू भिंतीला खिडकीच आहे. वर घडीच्या रेषा, आणि त्या नव्या प्लॅस्टिकच्या वासानं बाळाची आजी खोलीबाहेर जाऊन बसली. भाचा म्हणाला, मॅट मिळतो, बघू तर. बघितला. तिथल्या पोरानं मागून काळा असलेला फ्लेक्सही दाखवला. त्यातून मागचा उजेड आरपार येत नाही, हे खरं. पण तो तुकडा ट्यूबलाइटखाली तिरका धरला तर ट्यूबची रेघ त्यात स्पष्ट दिसली. हीच परीक्षा. रेघ दिसली की माल परत, मग नाव मॅट असो की आणखी काही.

तिथून केएमटीच्या बसनं गांधीनगरला. कापडाची घाऊक पेठ म्हणून सगळं कोल्हापूर तिथं जातं. लग्नाच्या बस्त्याची गर्दी होती आणि त्यात आम्ही दोघं फक्त पांढरं मागत फिरत होतो. एका दुकानदारानं हळूच विचारलं, घरात काही झालंय का? पांढरं कापड एवढं मोठं मागितलं की लोकांना तेच आठवतं. तेव्हा आधीच सांगून टाका, फोटोच्या पडद्याला पाहिजे.

इथं शब्द महत्त्वाचे. फोटोवाल्यांसारखं "मसलिन" म्हणालात तर कुर्त्याचं झिरझिरीत कापड पुढं येईल. "मांजरपाट" म्हणायचं. पण कोरा मांजरपाट पांढरा नसतो, सायीच्या रंगाचा असतो. फोटोत तो पिवळट येतो आणि मग बाळही काविळीचं दिसतं. ब्लीच केलेला मागा. आणि सगळ्यात आधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. साधा पन्हा तीन-साडेतीन फुटांचा. असे तीन जोडले की दोन शिवणी येतात, आणि शिवण कितीही मागं असली तरी उजेड बाजूनं पडला की उठून दिसते. मी पाच दुकानांत "मोठा पन्हा, मोठा पन्हा" करत राहिले. सहाव्यात एक वयस्क काका गादीवरून न उठता म्हणाले, "चादरीचं कापड बघा की. एकशे आठचा पन्हा." एकशे आठ इंच म्हणजे नऊ फूट. त्या कागदी रोलची रुंदीही जवळजवळ तेवढीच! दोन तासांची पायपीट त्या एका वाक्यानं संपली.

आता ते झेरॉक्सचे कागद. दुकानातलं प्रत्येक पांढरं एकटं बघितलं की पांढरंच दिसतं. काकांनी चार ठाण सोडले, भाच्यानं प्रत्येकावर एक कागद ठेवला आणि मी दुकानाच्या दारात उजेडात मोबाइलवर एकाच फोटोत चारही घेतले. एक गुलाबीकडं झुकलेला, एक पिवळट, एक चक्क निळा, एक बरा. झेरॉक्सचा कागद स्वतः काही शुद्ध पांढरा नसतो, तोही निळसरच. पण चौघांना एकच फूटपट्टी लागली की फरक कळतो. निळ्याचं कारण असं की कापडाला आणि कागदाला पांढरेपणा चढवायला जे रसायन लावतात, ते प्रकाशातल्या अतिनील किरणांनी निळसर उजळतं. फ्लॅशच्या उजेडात हे किरण असतात. म्हणून दुकानातल्या दिव्याखाली शोभणारं कापड फ्लॅशखाली निळं पडू शकतं. घरी धुतानाही नीळ घालू नका.

दुसरी तपासणी हाताची. कापडामागं पंजा धरायचा. बोटं मोजता आली तर मागची हिरवी भिंतही फोटोत येणार. काकांचं कापड एकेरी धरलं तर बोटं अंधूक दिसत होती. तरी घेतलं, कारण त्याहून जाड कापड माझ्या पिशवीला झेपलं नसतं. मागं भडक भिंत असली की आणखी एक चादर टाकते. टेरिकॉटचा आग्रह झाला, चुण्या पडत नाहीत म्हणून. पण त्याला चमक होती. सुतीच घेतलं, मीटरला १४० रुपये, पाच मीटर. जवळच्याच टेलरकडून एका टोकाला पाइप जाईल एवढा नेफा घालून घेतला. खालच्या टोकालाही घालायला हवा होता. तिथं पाइप घातला की पडदा ताणलेला राहतो. ते मला घरी गेल्यावर सुचलं.

चुण्यांबद्दल एवढंच सांगते, घडी घालू नका. घडीच्या सरळ रेषा फोटोत नजरेला टोचतात. पिशवीत तसंच कोंबा. मग पडतात त्या बारीक, वेड्यावाकड्या चुण्या, आणि माणूस पुढं पाच-सहा फुटांवर असला की त्या धूसर होऊन जातात. अगदीच नकोत तर टांगल्यावर पाणी फवारून चिमट्यांनी ताणायचं.

गांधीनगरहून शहरात परतताना रिक्षा 'खरी कॉर्नर' नावाच्या चौकातून गेली. तिथं कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. भाच्याला माहीत नव्हतं, म्हणून सांगितलं की कोल्हापूरचे जुन्या काळचे सिनेदिग्दर्शक बाबूराव पेंटर सिनेमात यायच्या आधी नाटकांचे पडदे रंगवायचे. राजवाडा, जंगल, नदीकाठ, सगळं कापडावर. भाचा म्हणाला, "आणि आपण दिवसभर कोरा शोधतोय." रिक्षावाला हसला, पण वीस रुपये जास्त घ्यायचे ते घेतलेच.

आता जमीन. माझी मूळ चूक इथंच होती. मी पडदाच खाली ओढून त्यावर बाळाला बसवायची. पण मागचा पडदा आणि खालची जमीन ही दोन वेगळी कामं आहेत. पडद्याला कुणी हात लावत नाही. जमिनीवर मात्र बाळ शू करतं, आजी हळदीच्या पायानं येते, नव्या चपलेचं तेल उतरतं. मागचं मऊ असलं तरी चालतं, खालचं पुसता आलं पाहिजे.

आधी गुंडाळीतलं पीव्हीसी फ्लोअरिंग बघितलं. दोन मीटर रुंद, मऊ, गुंडाळायला सोपं. पण सगळ्यावर लाकडाची नाहीतर मार्बलची नक्षी. दुकानदार म्हणाला, उलटं टाका. उलटी बाजू करडी होती. सनबोर्ड, म्हणजे फोमचा पुठ्ठा, पांढरा होता, हलका होता, चमकही बेताची, पण अंगठा दाबला की खळगा. तरी ३ मिलिमीटरचा आठ बाय चारचा एक घेतला आणि तिथंच कापून चार बाय चारचे दोन केले. ते जमिनीला नाही. दोन्ही कापडी टेपनं पुस्तकासारखे जोडले की स्वतःच्या पायावर उभे राहतात आणि सावलीच्या बाजूला उजेड परत फेकतात.

शेवटी प्लायवूडच्या दुकानात साधा पांढरा सनमायका, १ मिलिमीटर, आठ बाय चार, १,०५० रुपये. चकचकीत आणि मॅट दोन्ही होते. चकचकीतात चपलेचं प्रतिबिंब झकास पडतं, पण ओरखडे लगेच दिसतात. मी मॅट घेतला. त्याआधी त्यावर पेन्सिलनं रेघ मारून ओल्या फडक्यानं पुसून बघितली, आणि भाच्याला अनवाणी उभं केलं. दुकानदाराला वाटलं आमचं डोकं फिरलंय. ठसा एका पुसण्यात गेला.

मग हमालानं जे केलं ते बघण्यासारखं होतं. सनमायक्याचा आठ फुटी पत्रा त्यानं जमिनीवर टाकला, पांढरी बाजू वर. एका टोकाला गुडघा टेकवला, दुसरं टोक दोन्ही हातांनी सावकाश उचलत आणलं, गुंडाळी आपोआप वळत गेली, आणि पत्रा उसळून उलगडायच्या आत सुतळीचे तीन वेढे पडलेसुद्धा. चार फूट उंचीचं भेंडोळं, पांढरा भाग आत सुखरूप. "सुतळी कापताना तोंड लांब ठेवा," एवढंच तो बोलला. हे सल्ल्यांतलं पहिलं समजा. घरी मी कापली तेव्हा पत्रा फटकन उघडला आणि स्टुलावरचा चहाचा कप गेला.

स्टँडसाठी लक्ष्मीपुरीतून पीव्हीसी पाइप, एल्बो (काटकोनी वळणाचे तुकडे) आणि जोड घेतले, पाइप पाच-पाच फुटांत कापून. सोल्युशन लावायचं नाही, नुसतं दाबून बसवायचं, म्हणजे सुटं होतं. इथं मी फसले. नऊ फुटांचा आडवा पाइप कापडाच्या वजनानं मधे वाकला आणि पडदा हसल्यासारखा दिसायला लागला. आता आडव्याला पडद्याचा अ‍ॅल्युमिनियम पाइप वापरते. पायांना वजन म्हणून जुन्या जीन्सचे पाय शिवून वाळू भरली आहे.

हिशेब: कापड ७००, सनमायका १,०५०, सनबोर्ड ६२०, पाइप आणि जोड ५४०, मोठे चिमटे आठ, २८०. एकूण ३,१९०. जेवण, रिक्षा, टेलर वेगळे. दर माझ्या दिवशीचे, तुम्ही घासाघीस करालच. निघण्याआधी फोन करून दुकानाच्या सुट्टीचा वार विचारून घ्या.

मांडणी आता अशी. बाळासाठी सनमायका लांबीनं पडद्याकडं टाकते आणि मागचे दीड-दोन फूट वर वळवून पडद्याला टेकवते. मग जमीन आणि पडदा यांची रेघ बाळाच्या पाठीमागं जाते. कडा सुरीसारख्या असतात, चारी बाजूंना पांढरी कापडी टेप लावल्याशिवाय बाळ बसवू नका. पुसल्यावर पूर्ण कोरडं होऊ द्या, ओल्यावर रांगतं पोर घसरतं. चपलेसाठी तोच पत्रा टेबलावरून भिंतीला वळवून टेकवायचा, वळण मोठं ठेवायचं. घट्ट वाकवला तर तडकतो.

आणि ते राखाडी? त्यात चादरीचा दोष अर्धाच होता. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोर पांढरं भरलं की त्याला मधल्या राखाडीवर आणतं. आणि पुढच्या माणसावरचा उजेड मागं पोचेपर्यंत कमी झालेला असतो. म्हणून आता एक फ्लॅश फक्त पडद्याला देते, बाळावरच्या उजेडापेक्षा एक ते दीड स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). त्याहून वाढवला तर पांढरं पुढं सांडतं आणि जावळाच्या कडा खाऊन टाकतं. बाळावर दुसरा फ्लॅश, आणि त्याच्या समोरच्या बाजूला सनबोर्डचं पुस्तक.

त्याच कारागिराच्या चपला गेल्या आठवड्यात पुन्हा काढल्या. तळाचं तेल सनमायक्यावर उतरलं, दोन पिवळे डाग. साबणाच्या पाण्यानं गेले. पोरानं मोबाइलवर फोटो मोठा करून कोपरे तपासले, मग चपलेवरच्या वेणीवर थांबला आणि म्हणाला, "हिथं एक टाका चुकलाय बापूंचा. काढून टाकता येतंय काय?"

वडापनं येणार असाल तर भेंडोळं टपावर आडवं नको, मागच्या शिडीला उभं बांधायला सांगा. मुदाळ तिट्ट्याच्या अलीकडं आमचं आडवं सरकलं होतं आणि पुढच्या काचेवर येऊन डोकावत होतं.