चित्तप्रसादांच्या मेदिनीपुरात

पश्चिम बंगालातल्या कांथीला जायचं तर शनिवार टाळावा. हावड्याहून सुटणारी ताम्रलिप्त एक्स्प्रेस त्या दिवशी दिघ्याच्या समुद्रावर निघालेल्या मंडळींनी गच्च भरते, आणि कांथी दिघ्याच्या अलीकडे तीसेक किलोमीटरवर असल्याने उतरताना दारापर्यंत पोचणंही अवघड होतं. मी आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलो, तेही मुद्दाम नोव्हेंबरात. बंगालच्या दुष्काळात उपाशी माणसांची चित्रं काढत चित्तप्रसाद भट्टाचार्य हा भाग पायी फिरले तो महिना नोव्हेंबर 1943 चा. कम्युनिस्ट पक्षाच्या या चित्रकाराने जातीची खूण म्हणून आडनाव टाकून दिलं होतं.

जुना मेदिनीपूर जिल्हा 2002 मध्ये दुभंगला. कांथी आणि तमलुक आता पूर्व मेदिनीपुरात येतात. जुने उल्लेख घेऊन हिंडताना पहिला घोटाळा इथेच होतो. इंग्रजी कागदांतलं ‘काँटाई’ म्हणजेच कांथी.

नोव्हेंबरात भाताची शेतं पिवळी पडलेली असतात. 1943 च्या अखेरीसही अमन, म्हणजे हिवाळ्यात कापल्या जाणाऱ्या, भाताचं पीक चांगलं आलं होतं, पण उपासमार आणि मलेरियाने खंगलेल्या अनेकांना ते कापायची ताकद उरली नव्हती. त्याआधी 16 ऑक्टोबर 1942 ला, ऐन दुर्गापूजेत, चक्रीवादळाने समुद्र आत घुसवला होता. इथे घरामागे पुकुर, म्हणजे तळं, असतं. पिणं, आंघोळ, मासे, सगळं त्याच्यावर. खारं पाणी शिरलं की मासे मरतात, पाणी पिण्याजोगं राहत नाही आणि शेतात मीठ बसतं. मे 2021 च्या ‘यास’ वादळातही या किनाऱ्यावर बांध फुटून खारं पाणी आत आलं. त्यात 1942 मध्ये सरकारने जपानी हल्ल्याच्या धास्तीने किनारपट्टीवरच्या होड्या आणि तांदूळ काढून घेतला होता. होडी गेली म्हणजे मासेमारी गेली आणि धान्याची वाहतूकही.

या पार्श्वभूमीवर चित्तप्रसादांची चित्रं उघडून बघावीत. शाई आणि कुंचला, दाट काळे फराटे, करडी छटा जवळजवळ नाहीच. पक्षाची साप्ताहिकं स्वस्त कागदावर छापली जायची. ‘पीपल्स वॉर’ इंग्रजीत, ‘लोकयुद्ध’ मराठीत. अशा कागदावर हाफटोन ब्लॉकचे, म्हणजे फोटो छापायच्या ठशाचे, बारीक ठिपके शाईत बुजतात, फोटोचा चिखल होतो. नुसत्या रेषा छापणाऱ्या लाइन ब्लॉकवर काळी रेषा मात्र ठसठशीत उठते. व्यंगचित्रं काढून बसलेला हात इथे उपयोगी पडला. मला सर्वांत मोठी वाटते ती त्यांची दुसरी सवय: चित्राखाली माणसाचं नाव, गाव आणि त्याच्यावर काय गुदरलं ते लिहिणं. ‘एक भुकेला’ असं म्हणून ते कुणाला सोडून देत नाहीत. या फिरतीवरच्या त्यांच्या ‘हंग्री बेंगॉल’ या पुस्तकाच्या पाच हजार प्रती इंग्रज सरकारने जप्त करून जाळल्या. घरच्यांनी जपलेल्या एका प्रतीवरून 2011 मध्ये ते जसंच्या तसं पुन्हा छापलं गेलं. इथे येताना ते सोबत आणावंच. गावात त्यांची आठवण सांगणारी पाटी शोधत बसू नये.

परतीच्या वाटेवर तमलुकला थांबावं. साताऱ्याच्या प्रतिसरकारासारखंच इथलं ताम्रलिप्त जातीय सरकार (बंगालीत ‘जातीय’ म्हणजे राष्ट्रीय), डिसेंबर 1942 मध्ये उभं राहिलेलं. वादळग्रस्तांना मदत हे त्याचं मोठं काम होतं.

चित्तप्रसाद 1946 पासून मुंबईत, अंधेरीत राहिले. इप्टा या डाव्या नाट्यसंघटनेचं नगारा वाजवणाऱ्याचं बोधचिन्ह त्यांचंच. पुढे त्यांचा भर लिनोकटवर, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून छापलेल्या चित्रांवर, आला, कारण एका कोरलेल्या तुकड्यावरून पुष्कळ प्रती निघतात आणि चित्र गरिबाच्या घरी जाऊ शकतं. त्यात पांढरं राहायला हवं ते कोरून काढायचं, उरलेल्यावर रुळाने शाई फिरवायची. ठसा उलटा उमटतो, म्हणून अक्षरं आरशातल्यासारखी कोरावी लागतात, आणि एकदा निसटलेली कोरणी पुसता येत नाही. बालकामगारांवरची त्यांची लिनो मालिका बघताना मुलांच्या बोटांकडे नीट बघा. मेदिनीपुरातल्या हातांची हाडं त्यांनी तिथे तशीच ठेवली आहेत.