आमची वाटचाल : ॲसिडची फळी

परभणीच्या मोंढ्यालगत वडिलांनी रंग आणि हार्डवेअरचे दुकान सुरू केले, तेव्हा ॲसिड कॅनमधून सुटे विकले जाई. गिऱ्हाईक घरूनच बाटली पाठवी. ती बहुधा थंड पेयाची रिकामी बाटली असे आणि ती घेऊन येणारा बहुधा घरातला शाळकरी मुलगा. आमच्या भागात बोअरचे पाणी जड असल्याने फरशीवर, नळांवर आणि संडासात पांढरा क्षार धरतो, त्यामुळे ॲसिड हा आमच्याकडे साबणाइतकाच नित्याचा माल होता. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात लोक मिळेल ते पाणी वापरत होते आणि आमच्याकडे ही मागणी वाढली होती.

पण तोपर्यंत आमची पद्धत बदलली होती. वयाच्या पंधराव्या वर्षी ॲसिडहल्ला सोसलेल्या लक्ष्मी अग्रवाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी दिलेल्या आदेशाप्रमाणे विक्रेत्याने खरेदीदाराचे नाव, पत्ता आणि मालाचे प्रमाण नोंदवहीत लिहायचे, पत्त्यासह छायाचित्र असलेले सरकारी ओळखपत्र पाहायचे, खरेदीचे कारण विचारायचे, साठा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांना कळवायचा आणि १८ वर्षांखालील कोणालाही ॲसिड विकायचे नाही. साठा न कळवल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड होता. आदेश हल्ले रोखण्यासाठी होता. आमच्या काउंटरवर मात्र वयाच्या अटीने वेगळेच काम केले, कारण आमच्यापुढे येणारी मुले गुन्हेगार नव्हती, ती आईने धाडलेली होती.

नोंदवही ठेवणे सोपे गेले. अवघड होते ते ओळखीच्या घरातले मूल रिकाम्या हाताने परत पाठवणे. “आमचं पोरगं काय ॲसिड पिणार हाय का?” असे विचारत एक मावशी भर दुपारी दुकानात आल्या. पोर पिणार नाही हे आम्हालाही माहीत होते; पण थंड पेयाच्या बाटलीतले ॲसिड घरातले धाकटे भावंड पिऊ शकते, हे त्यांना पटवायला अर्धा तास गेला आणि तरीही त्या पुढे वर्षभर फिरकल्या नाहीत. त्यानंतर आम्ही सुटी विक्री बंद करून फक्त कंपनीची सीलबंद बाटली ठेवली, आणि मोठ्या माणसाने येऊन नोंद केली की जड माल घरपोच देऊ लागलो. (पहिल्याच आठवड्यात लक्षात आले की माल पोचवणारा आमचा पोऱ्याच सतरा वर्षांचा आहे, ते काम काकांनी स्वतःकडे घेतले.)

थिनर आणि पंक्चरच्या सोल्युशनबाबतचा नियम आमचा स्वतःचा. यांतल्या टोल्युइनसारख्या द्रावकांचा वास नशेसाठी घेतला जातो. याच कारणाने केंद्र सरकारने २०१२ मध्ये बाटलीतल्या व्हाइटनरवर बंदी घातली होती. एक मुलगा आठवड्यात तीनदा सोल्युशनच्या नळ्या घेऊन गेला आणि त्याच्या घरी सायकलच नव्हती, हे आम्हाला उशिरा कळले. आता हा माल मुलांना देत नाही. पंक्चर असेल तर सायकल घेऊन ये, आम्ही काढून देतो, असे सांगतो.

गल्लोगल्ली हातगाडीवर ॲसिड आजही जुन्या बाटल्यांतून मिळते, तेथे वय कोणी विचारत नाही, आणि आमचा खप त्यामुळे निम्म्यावर आला. तो भरून काढण्याचा आम्ही प्रयत्न केलेला नाही. ॲसिडच्या अर्ध्या फळीवर आता पाइपांचे जोडसामान असते.