शॅक (माझी हॅम रेडिओची खोली) अपडेट : जुनी बॅटरी शेवटी मार्गी लावली

मंडळी, 12 ऑक्टोबर 2020 ला अख्ख्या मुंबईची लाईट गेली होती, त्यानंतर बॅकअपला घेतलेली ती 65 एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे क्षमता) पाणीवाली (आत पातळ ॲसिड असलेली) बॅटरी परवा एकदाची संपली. ऐकायला चालायची पण पीटीटी (बोलायचं बटण) दाबला की रेडिओच बंद. चार्ज करून रात्रभर तशीच ठेवली, सकाळी मीटरवर 10.4 व्होल्ट, म्हणजे साधारण 2-2 व्होल्टच्या सहा सेलमधला एक पूर्ण बसलेला. हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजायची नळी) लावला तर पाच सेल 1.250 च्या आसपास आणि तिसरा 1.110, वर त्यातलं पाणी चॉकलेटी, काचेच्या नळीत बारीक गाळ गोल फिरताना दिसत होता. प्लेटांवरून सुटलेलं शिसं आहे ते!

खालचे भंगारवाले दादा म्हणाले, पाणी ओतून द्या मग वजन करतो. मी सरळ नाही म्हटलं. खायचा सोडा टाकून मोरीत ओता असं बरेच जण सांगतात, पण सोड्याने ॲसिड मरतं, शिसं तसंच राहतं ना. आमच्या बिल्डिंगमागचं गटार उघडं आहे, पोरांचा बॉल रोज त्यातच जातो आणि तीच पोरं हात घालून काढतात. शिशाने लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो आणि इतकं चालेल अशी सेफ लेव्हल अजून कुणाला सापडलेली नाही, त्यामुळे ह्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

मग ग्लोव्हज चष्मा घालून बुचं घट्ट केली, दोन्ही टर्मिनलला टेप मारली, प्लास्टिकच्या टबात तळाला सोडा पसरून बॅटरी उभीच ठेवली आणि मुलुंड स्टेशनपर्यंत रिक्षात पायांमध्ये धरून नेली. आडवी अजिबात करू नका, बुचातून ॲसिड झिरपतं.

पहिला दुकानदार जुनी घ्यायला तयार, पण बिलावर लिहायला नाही, म्हणून तिथून निघालो. 2022 च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून रिसायकल करायची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे आणि त्या कचऱ्यात न मिसळता वेगळ्या देणं आपल्यावर, मग जुनी कुठे जाते ते विचारायलाच हवं. दुसऱ्याने त्याचा माल कुठल्या अधिकृत रिसायकलरकडे जातो ते दाखवलं आणि बिलावर लिहूनही दिलं, 'जुनी 1 नग, पाण्यासकट'. पैसे थोडे कमी सुटले, चालेल.

नवीन बसवली, रेस्टला 12.7 व्होल्ट, फुल पॉवरने बोलतानाही 12.1 च्या खाली गेली नाही. वरच्या मजल्यावरच्या काकूंच्या यूपीएसची 7 एएचवाली फुगलीय, ती पुढच्या शनिवारी तिथेच नेऊन देतोय.