दियोग्नेतसला लिहिलेलं पत्र आम्ही कसं वाचलं

ख्रिस्ती श्रद्धा समजावून सांगणारं दुसऱ्या शतकातलं हे पत्र कोणी लिहिलं ते आजवर कळलेलं नाही. ज्याला लिहिलं तो दियोग्नेतस नेमका कोण, यावरही अभ्यासकांचं एकमत नाही. त्याचं एकमेव हस्तलिखित १४३६च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलमधल्या एका मासळीच्या दुकानात, पुड्या बांधायच्या रद्दीत सापडलं. १५९२ मध्ये ते प्रथम छापलं गेलं. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात स्ट्रासबर्गचं ग्रंथालय जळालं, त्यात ते मूळ हस्तलिखितही गेलं. नकला आधीच झालेल्या होत्या, म्हणून आज आपण ते वाचू शकतो.

वसईतल्या आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) ईस्टरआधीच्या उपवासकाळात दर आठवड्याला एक वाचनमंडळ बसतं. यंदा मी हे पत्र सुचवलं. पाचवा अध्याय बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो: ख्रिस्ती लोक देश, भाषा किंवा पेहराव यांनी वेगळे नसतात, जिथे राहतात तिथल्यासारखं खातात-नेसतात, त्यांना परका मुलूख मायदेश असतो आणि मायदेशही परका. सहाव्यात म्हटलंय, शरीरात आत्मा तसे जगात ख्रिस्ती. १९६०च्या दशकात भरलेल्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही हे वाक्य घेतलं आहे. लाल लुगडं नेसणाऱ्या आणि घरात कादोडी ही वसईची बोली बोलणाऱ्या आमच्या आज्यांना हा अध्याय समजावून सांगावा लागला नाही. पण बहुतेक जण इथेच थांबतात, आणि माझ्या मते पत्राचा गाभा पुढे आहे.

मी इंग्रजीतले दोन अनुवाद समोर ठेवून तिथल्या तिथे मराठीत सांगत होते. पहिल्या बैठकीत फळ्यावर दियोग्नेतसचे तीन प्रश्न लिहिले. हे लोक कोणत्या देवावर भरवसा ठेवतात? त्यांचं एकमेकांवरचं प्रेम कसलं आहे? आणि ही नवी जमात आताच का आली, आधी का नाही? सगळं पत्र म्हणजे या तिन्हींची उत्तरं. चर्चा भरकटली की मी फळ्याकडे बोट दाखवायची.

दोन ते चार हे अध्याय आम्ही मुद्दाम मागे ठेवले. दुसऱ्यात मूर्तिपूजेवर कडक टीका आहे, तिसऱ्या-चौथ्यात यहुदी उपासनेवर. शेजारच्या गणपतीला ज्यांची मुलं आरतीला उभी राहतात, त्यांच्यासमोर तो सूर घेऊन बसायचं तर आधी लेखकाचा देव कसा आहे ते समजायला हवं होतं. शेवटी ते अध्याय वाचले तेव्हा मी सरळ सांगितलं, की यहुद्यांविषयी लेखक अन्यायाने लिहितो, आणि ख्रिस्तसभेला (चर्चला) तशा भाषेची पुढे मोठी किंमत मोजावी लागली. सगळ्यांना ते पटलं असं नाही. पटावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

खरा वेळ गेला तो सातव्या अध्यायावर. देवाने आपल्या पुत्राला का पाठवलं? दहशत बसवायला, सत्ता गाजवायला? नाही, लेखक म्हणतो: सौम्यपणे, एखाद्या राजाने राजपुत्राला पाठवावं तसं, मन वळवण्यासाठी, जबरदस्ती करण्यासाठी नाही, कारण जबरदस्ती देवाच्या ठायी नसते. हे वाचल्यावर कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलाने विचारलं, "बाई, मग पोर्तुगीजांचं काय?" खोलीत कोणीच काही बोलेना. १५३४ ते १७३९ वसई त्यांच्याकडे होती. त्या काळात या किनाऱ्यावर जी धर्मांतरं झाली, त्यांत श्रद्धा होती तशी प्रलोभनं आणि दडपणही होतं, हे इतिहासात नोंदलेलं आहे. ते झाकावं असं मला कधीच वाटलेलं नाही. मी म्हटलं, त्याचा न्याय याच ओळीने करायचा. जिथे बळजबरी झाली तिथे ती देवाच्या नावावर झाली, देवाकडून नाही. मंडळातल्या एका ज्येष्ठ काकांना हे बोचलं. आपल्या पूर्वजांची श्रद्धा कमी ठरते असं त्यांना वाटत होतं. त्यावर बराच वेळ बोलणं झालं, आणि त्या संध्याकाळी ठरलेला आठवा अध्याय उघडलाच नाही.

पुढच्या बैठकीत तोच धागा दुसऱ्या टोकाने वर आला. तिसरा प्रश्न, इतक्या उशिरा का? पोर्तुगीज येण्याआधी इथे राहिलेल्या आपल्या पणज्या-खापरपणज्यांना देवाने टाकलं होतं का, असं एका मावशींनी विचारलं. आठव्या-नवव्या अध्यायाचं उत्तर असं: देवाची योजना सुरुवातीपासून ठरलेली होती, पण ती फक्त पुत्राला ठाऊक होती. ती गुप्त होती तोवर देव आपल्याला विसरला आहे असं भासत होतं. माणसाला आपल्या बळावर जीवन मिळवता येत नाही हे उघड होईपर्यंत त्याने सोसलं. पापात त्याला आनंद होता म्हणून नव्हे. मग पाप भरून वाहू लागलं तेव्हा त्याने द्वेष केला नाही, झिडकारलं नाही, आपला पुत्र आपल्यासाठी खंडणी म्हणून दिला. इथे लेखकाचा स्वर एकदम उंचावतो: केवढी ही गोड अदलाबदल! अनेकांचा अधर्म एका नीतिमानात झाकला जावा, आणि एकाच्या नीतिमत्त्वाने अनेक अधर्मी नीतिमान ठरावेत! बायबलमधल्या, पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा पाचवा अध्याय आम्ही शेजारी उघडून ठेवला होता. पौलाचा विचार इथे स्तोत्र होऊन गातो.

मावशींच्या प्रश्नाला यात थेट उत्तर नाही, आणि मी तसं त्यांना सांगितलं. पण उशीर म्हणजे उपेक्षा नव्हे, एवढं लेखक ठामपणे सांगतो. माझा विश्वासही तोच आहे.

दहावा अध्याय मला सर्वांत जवळचा. देवाचं अनुकरण करता येतं, यात नवल मानू नकोस, असं लेखक दियोग्नेतसला सांगतो. शेजाऱ्यावर वर्चस्व गाजवणं, दुबळ्यापेक्षा जास्त मिळवणं, श्रीमंतीच्या जोरावर खालच्याला दाबणं, यात देवपण नाही. जो शेजाऱ्याचं ओझं आपल्यावर घेतो, आपल्याला मिळालेलं गरजवंताला देतो, तो घेणाऱ्यासाठी देवच होतो. सातव्यात जबरदस्ती नाकारलेली आहे म्हणूनच दहाव्यातली ही वागणूक शक्य होते. जसा देव, तसा त्याचा भक्त.

अकरावा आणि बारावा अध्याय बहुधा दुसऱ्याच हातचा आहे. मूळ प्रतीत दहाव्यानंतर खंड होता आणि पुढची शैलीही निराळी आहे. ते आम्ही स्वतंत्र लेख म्हणून वाचले. बारावा एदेन बागेतल्या दोन झाडांवर आहे, ज्ञानाचं आणि जीवनाचं. ज्ञानाचं झाड मारत नाही, आज्ञाभंग मारतो, असं तिथे म्हटलंय. त्यावरची चर्चा अजून संपलेली नाही. पास्काच्या सणानंतर (ईस्टरनंतर) पुन्हा बसायचं ठरलं आहे.