हात्तिच्या!

गंगापूर धरणातून पाणी सोडल्याचा मेसेज परवा दुपारी जेवता जेवता आला. हात धुतला आणि स्कूटर काढली. पूर बघायला जायला नाशिककराला वेगळं कारण लागत नाही. होळकर पुलाच्या कठड्याशी ही गर्दी! वाकून पाहिलं, तर पाणी गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या, म्हणजे ज्या मूर्तीवरून आम्ही पूर मोजतो तिच्या, गुडघ्यापर्यंतच. शेजारी रेनकोटातला एक कॉलेजचा पोरगा व्हिडिओ घ्यायला मोबाइल उंच धरून उभा होता. त्यानं हात खाली घेतला आणि म्हणाला, "हात्तिच्या!"

मी मारुतीला सोडून त्याच्याकडेच बघत राहिलो. हा शब्द अजून चालतो?

आमच्याकडे तो आजोबांचा. तार आली म्हणून अख्खं घर गोळा व्हायचं, आत कुणाला तरी मुलगा झालेला असायचा. हात्तिच्या! शोधशोध शोधलेली तपकिरीची डबी कोटाच्याच खिशात निघायची. हात्तिच्या! धसका घेतलेला असो की मोठी आशा लावलेली असो, फुगा कुठलाही असला तरी टाचणी हीच.

मला मात्र त्यात हत्ती दिसायचा. पण हत्तीच्या काय? सोंड? शेपूट? आजी तांदूळ निवडत बसली होती, तिला विचारलं.

"हत्तीच्या नव्हे रे, तिच्या."

"कुणाच्या?"

आजीनं सुपातला एक खडा बोटांत धरून उगाच उजेडात निरखला. "जा, पाटी काढ."

शाळेत केवलप्रयोगी अव्ययं आली तेव्हा वाटलं, आता कळेल. पण पुस्तकात सगळी सभ्य मंडळी. अहाहा, अरेरे, शाबास. शाबासला तर चांगलं फारसी कूळ आहे, 'शाद बाश', म्हणजे आनंदात राहा. हात्तिच्याचं नावही नाही. सरांना विचारलं, तर वर्ग हसला आणि सर खिडकीबाहेर बघायला लागले.

पुढे कधीतरी माझा मीच उलगडा केला. कुत्र्याला हाड, तसंच काहीसं हे हात्. आणि 'तिच्या' म्हणजे नाम पुढे येईल म्हणून दारात ताटकळलेली षष्ठी. ते नाम कोणतं, हे 'च्यायला' म्हणणारा कुणीही सांगेल. च्यायलानं माणूस गिळला आणि आई ठेवली. हात्तिच्यानं आईच गिळली. म्हणून पहिला पारावर राहिला आणि दुसरा रोज संध्या करणाऱ्या आजोबांच्या तोंडी बसला. त्यांना हे सांगितलं असतं तर त्यांनी शब्द सोडला असता का? नसता. तपकीर कुठे सुटली?

आजोबांचं भांडीबाजारात दुकान होतं. पूर आला की आम्हा पोरांना घेऊन ते पुलावर निघायचे. तो त्यांच्यासाठी शेवटपर्यंत व्हिक्टोरिया पूलच होता. पाणी मारुतीच्या कमरेला लागलेलं पाहून आम्ही डोळे विस्फारायचो, की वरून ठरलेला आवाज, "हात्तिच्या, कंबरच की!" एकदा छातीपर्यंत आलं, तरी हात्तिच्याच. तेव्हा धाकट्यानं विचारलं, "मग मोठा पूर केवढा असतो, आजोबा?"

"1969 सालचा," ते म्हणाले. "पाणी ओसरल्यावर दुकानाच्या फळ्या काढल्या. आत गुडघाभर गाळ. लग्नसराईसाठी भरलेल्या पितळी घागरी होत्या, त्यांची नुसती तोंडं वर दिसत होती."

आम्ही थांबलो. एवढं सांगून झालं की पुढे तो शब्द यायचाच, अशी सवय झालेली.

त्यांनी डबी उघडली. चिमूट घेतली नाही. झाकण लावलं, डबी खिशात टाकली आणि म्हणाले, "चला, घरी वाट बघत असतील."