आमची वाटचाल : कळी पडली नाही तो मंगळवार

१९८९ च्या दसऱ्याला बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या भाड्याच्या शेडमध्ये आमच्या फौंड्रीच्या कपोल्यातून, म्हणजे बीड (ओतीव लोखंड) वितळवण्याच्या उभ्या भट्टीतून, पहिली धार पडली, तेव्हा भागीदार तिघे होते. एक मी, दुसरा माझ्याबरोबर टर्नर म्हणून नोकरी केलेला मित्र आणि तिसरे अनगोळचे पॅटर्न मिस्त्री, म्हणजे ज्यावरून रेतीचा साचा उठवतात तो लाकडी नमुना घडवणारे, ज्यांचे भांडवल म्हणजे सागवानाच्या फळ्या, रंधे, पटाशा आणि एक काँट्रॅक्शन पट्टी. ही पट्टी हाताळलेल्यांना सांगायला नको की तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा एक अष्टमांश इंच मोठा असतो, कारण बीड थंड होताना साधारण तेवढे आकसते. मिस्त्री ती पट्टी जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवीत आणि माझ्याही हाती सहसा देत नसत.

पुढची सात-आठ वर्षे बरी गेली आणि त्यांबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

१९९७ च्या पावसाळ्यात एका पंप कंपनीची पंपाच्या चारशे बॉड्यांची (बाहेरच्या कवचांची) ऑर्डर आली. आपल्याकडचा जून-जुलै फौंड्रीवाल्याला काय असतो, हे वेगळे सांगत नाही. साच्याची रेती मुठीत दाबून मोडली तर कडा स्वच्छ तुटायला हवी, ती त्या दिवसांत चिखलासारखी बोटांना चिकटते. तरीही रेतीने आमचा घात केला नाही. घात केला कोअरने, म्हणजे ओतीव आतून पोकळ व्हावे म्हणून साच्यात बसवतात त्या रेतीच्या गाभ्याने. अळशीच्या तेलाचा कोअर भट्टीत पुरता भाजला की बदामी रंगावर येतो. मधून मोडला आणि आत पांढरट दिसला, तर तो कच्चा समजावा, कारण तापलेले बीड त्याला भिडताच त्यातून वायू सुटतो आणि ओतीवात पोकळ्या राहतात. माल वेळेत जावा म्हणून मित्राने भाजण्याचा वेळ निम्मा करायला सांगितला. मिस्त्रींनी एक कोअर माझ्यासमोर मोडून दाखवला. मी पाहिला आणि तरीही मित्राच्या बाजूने होकार दिला. हे मी लपवीत नाही.

बॉड्या वरून देखण्या होत्या. मशिनिंगला गेल्यावर त्यांना भोके दिसू लागली आणि दोन ट्रक भरून माल परत आला. ट्रक दारात उभे असताना माझा मित्र कंपनीच्या साहेबांना फोनवर सांगत होता की कोअरशॉप (कोअर करण्याचा विभाग) तो नव्हे, मी पाहतो. महिन्याभरात तो वेगळा झाला, पॅटर्न कंपनीचेच असल्याने रीतसर चिठ्ठी आणून ते टेंपोत घालून घेऊन गेला, आणि आमच्या शेडपासून दोन गल्ल्या सोडून त्याची भट्टी पेटली. त्यातले तीन पॅटर्न दुरुस्त करण्यासाठी मिस्त्री रात्री-रात्री जागले होते, त्या मजुरीचा एक पैसाही आजवर आलेला नाही. याच मित्राने पुढे मध्यस्थामार्फत निरोप पाठवला की कपोला, साच्याच्या पेट्या आणि शेडचा हक्क तो विकत घेण्यास तयार आहे.

मी विकायचे जवळजवळ ठरवले होते. वडील म्हणाले, आधी गावी जाऊन देवीला कौल लाव. आमचे गाव खानापूर तालुक्यात आहे. खरे सांगायचे तर विचारण्यासारखे माझ्याजवळ काही उरले नव्हते. ठरलेल्या गोष्टीवर देवीचा शिक्का मिळाला की सही करायची, एवढ्यासाठीच मी गेलो. मंगळवार होता, कौलांवर पाऊस वाजत होता. गुरवकाकांनी ओल्या कळ्या देवीच्या उजव्या-डाव्या अंगाला लावल्या, गाऱ्हाणे घातले, आणि आम्ही बसलो. उजवी पडली तर विकायचे, डावी पडली तर नाही. नऊ वाजता बसलो ते दुपारचा एक वाजला, तरी एकही कळी हलली नाही. शेवटी काकांनी त्या हातानेच काढल्या आणि म्हणाले, "आज आई बोलत नाही, बाळा. जा, हातात असेल ते काम कर."

परतताना मला देवीचाच राग आला होता. डावा कौल मिळाला असता तर निदान भांडता आले असते. पण उजवा मिळाल्याखेरीज सही करायची नाही हा शब्द वडिलांना दिलेला होता, त्यामुळे मध्यस्थाला थांबवावे लागले. हातात काम होते ते एवढेच की परत आलेल्या बॉड्या घणाने फोडून पुन्हा वितळवायच्या. ते आम्ही केले. मिस्त्री पगाराचे नावही न काढता रोज येत राहिले.

अठरा दिवसांनी गोकाककडचे एक साहुकार आले, जे उसाचे घाणे तयार करीत. त्यांना घाण्याच्या सहाच लाटा (ऊस पिळणारे रूळ) हव्या होत्या आणि एवढ्या थोड्या नगांसाठी पेटी लावायला कोणी तयार नव्हते. मी झालेला प्रकार त्यांना सगळा सांगितला. मिस्त्रींनी त्यांच्यासमोर एक कोअर मोडला. आतपर्यंत बदामी होता. साहुकार म्हणाले, "देवरु अदान्री, माडोणु," म्हणजे देव आहे, करू या, आणि निम्मे पैसे टेबलावर ठेवले. ते हयात असेपर्यंत त्यांच्या लाटा आमच्याकडेच ओतल्या गेल्या आणि भावावरून आमची कधी घासाघीस झाली नाही.

देवाने त्या मित्राला धडा शिकवला असे लिहिता आले असते तर मलाही बरे वाटले असते. पण त्याच्याकडे आज दोन इंडक्शन (विजेवर चालणाऱ्या) भट्ट्या आहेत आणि गणपतीत त्याची वर्गणी माझ्यापेक्षा मोठी असते. देवावर भरवसा ठेवला की आपलेच पारडे जड होते, अशा समजुतीत नवीन पोरांनी राहू नये. याच बेळगावातून लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० साली बिऱ्हाड-बाजले उचलून औंध संस्थानातल्या उजाड माळावर गेले, तेव्हा पुढे तिथे काय उभे राहील हे त्यांना तरी कुठे दिसत होते? माळावर साप-विंचू होते आणि पहिल्या दिवसाचे काम होते ते जागा साफ करण्याचे. देवाला वाट विचारावी, ऑर्डरीचा भाव विचारू नये, आणि त्याच्या नावावर कोअरचा वेळ तर मुळीच कमी करू नये. शिवाय पॅटर्न दुरुस्तीची मजुरी आधी लेखी घ्यावी.

आता आमच्याही घरात इंडक्शन भट्टीचा विषय आहे. मुलाने बँकेचे कागद तयार केले आहेत आणि मला त्या आकड्यांनी झोप येत नाही. कौल लावू या म्हटल्यावर तो म्हणाला, "बाबा, मागच्यासारखी एकही कळी पडली नाही तर?" मी म्हटले, तर त्या दिवशीची हीट (भट्टीतली एक ओत) वेळेवर लावायची.

गुरवकाका आता नाहीत. कळ्या त्यांचा नातू लावतो आणि तो उद्यमबागेतच एका मशिनशॉपमध्ये सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर) आहे, म्हणून त्याला दुसरी पाळी असेल असा मंगळवार पाहावा लागला.